झोपलो तर श्वास घेणार कोण?

पत्र :

डॉक्टर, गेले तीन महिने मला धड झोप नाही. माझं वय ३१, बाकी तब्येत ठीक आहे. दिवा मालवून आडवा झालो की लक्ष श्वासाकडे जातं आणि एकदा गेलं की तो आपोआप चालेनासा होतो. प्रत्येक श्वास मलाच घ्यावा लागतोय असं वाटतं. मग विचार येतो, मी झोपलो तर घेणार कोण? डोळा लागता लागता श्वास थांबतो आणि मी दचकून उठून बसतो. खबरदारी म्हणून हल्ली झोपण्याआधी पंचवीस-तीस मोठे श्वास घेऊन ठेवतो. ऑक्सिमीटरही आणलाय. रात्री दोन-तीनदा बोटाला लावून बघतो, ९७ दाखवतो. झोपेत मेंदू श्वास घ्यायलाच विसरतो असा एक आजार असतो, असं वाचलं. मला तोच झालाय का? बाबा शेजारच्या खोलीत जोरजोरात घोरतात, मधेच एकदम गप्प होतात, मग मोठ्याने फुरफुरून पुन्हा सुरू. पण त्यांना निदान झोप तरी लागते. माझंच काय ते सांगा.

(नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी, दुसऱ्यांदा तुमच्या बाबांसाठी. त्यांच्याकडे मी शेवटी येते, पण येणार नक्की.

आधी तुमचा प्रश्न. झोपल्यावर श्वास कोण घेणार? जो दिवसभर घेतो तोच. पत्र लिहायला बसलात, शब्द शोधलेत, खाडाखोड केलीत, तेवढ्या वेळात तुमचे शे-दोनशे श्वास होऊन गेले असतील आणि त्यातला एकही तुम्ही आठवणीने घेतलेला नाही. मिनिटाला १२ ते २० या हिशेबाने दिवसाला साधारण वीस हजार श्वास होतात. त्यातले तुमच्या लक्षात येणारे किती? रात्री अंथरुणात मोजता ते, बस. राखणदार दिवसाही तोच असतो आणि रात्रीही तोच. तुम्ही फक्त रात्री त्याच्याकडे बघायला लागला आहात.

हा राखणदार राहतो कुठे, ते सांगते. मान आणि कवटी जिथे मिळतात तिथे मागून हात ठेवा. त्याच्या आत खोलवर मेंदूचा देठ आहे, ज्याला डॉक्टर मंडळी ब्रेनस्टेम म्हणतात. वर मोठा मेंदू, खाली पाठीचा कणा आणि त्यातली मज्जारज्जू, आणि दोघांना जोडणारा हा देठ. त्याच्या सर्वांत खालच्या भागाला शाळेच्या पुस्तकात मस्तिष्कपुच्छ म्हणतात, आम्ही मेड्युला म्हणतो. श्वासाचं ठाणं इथे आहे हे दोनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. लगालवा नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी सशांवर प्रयोग करून १८१२मध्ये दाखवून दिलं, की मोठा मेंदू काढून टाकला तरी श्वास चालू राहतो, पण मेड्युलातल्या एका छोट्या जागेला धक्का लागला की तत्क्षणी थांबतो.

ती जागा नेमकी कोणती, हे कळायला मात्र १९९१ उजाडलं. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मेड्युलाची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची चकती कापून शास्त्रज्ञांनी ती द्रवात जिवंत ठेवली. तिला ना फुप्फुसं होती, ना छाती, ना नाक. तरीही त्या चकतीतल्या पेशींचा एक गट ठेका धरून विजेचे झटके देत राहिला. गप्प, मग झटका, पुन्हा गप्प, पुन्हा झटका, अगदी श्वासाच्या लयीत. या गटाचं नाव प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स. नाव अवघड वाटेल, पण त्यामागची गोष्ट साधी आहे. एका परिषदेत शेजारच्या भागाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा टेबलावर बॉट्झिंगर नावाच्या जर्मन वाइनची बाटली होती, तिचंच नाव त्या भागाला मिळालं. हा गट त्याला अगदी लागून बसतो, त्याच्या नावाआधी ‘प्री’ जोडलं गेलं.

मला त्या चकतीचं नवल अजून संपलेलं नाही. तुम्हालाही ती मुद्दाम सांगितली. जी गोष्ट शरीरापासून वेगळी केली, काचेच्या भांड्यात ठेवली तरी श्वासाचा ठेका सोडत नाही, ती तुम्ही कूस बदलून डोळे मिटलेत म्हणून सोडेल का?

इथून निघालेला हुकूम मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्यापाशी उगम पावणाऱ्या मज्जातंतूंतून छाती आणि पोटामधल्या पडद्यापर्यंत, म्हणजे डायफ्रॅमपर्यंत जातो. पडदा खाली ओढला जातो, हवा आत येते. मेड्युलाच्या वरचा भाग, पॉन्स, श्वास आत घेणं कधी थांबवायचं आणि सोडायला कधी लागायचं हे सफाईने सांभाळतो. फुप्फुसं किती ताणली गेली याची खबर परत वर येते. एवढं पुरे, कारण तुमची अडचण या यंत्रणेत नाहीच.

अडचण आहे ती दुसऱ्या वाटेत. श्वासाला दोन मालक आहेत. एक हा देठ, जो न विचारता काम करतो. दुसरा मोठ्या मेंदूचा वरचा थर, जो बोलताना, गाताना, फुंकर घालताना, पाण्यात बुडी मारताना श्वास आपल्या हातात घेतो. या दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत. काही रुग्णांमध्ये देठाच्या पुढच्या भागाला इजा होऊन वरून खाली येणारे सगळे ऐच्छिक हुकूम तुटतात. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, पण डोळ्यांपलीकडे काही हलवता येत नाही. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं तर त्याला तो घेता येत नाही. तरी त्याचा श्वास संथपणे चालू असतो आणि हसू किंवा रडू आलं तर त्या लयीत फरकही पडतो. आपली इच्छा बाजूला केली तरी श्वास जागच्या जागी राहतो.

तुम्ही अंधारात श्वासाकडे बघू लागता तेव्हा हा दुसरा मालक मधे येतो. जिना भरभर उतरताना ‘आता कुठला पाय टाकायचा?’ असा विचार करून बघा, पाय अडखळतो. पायांना काही झालेलं नसतं. तसंच इथे. श्वास आखूड वाटतो, अर्धवट वाटतो, ‘भरला’ असं वाटतच नाही. तो बंद पडलेला नसतो, त्यावर तुमचा हात पडलेला असतो. हात उचलायला विसरलात तरी काही बिघडत नाही. लहानपणी भावंडांत श्वास रोखून धरायची पैज लावली असेल तर आठवा, शेवटी कोण जिंकायचं? कितीही हट्टी पोर असो, ठरावीक वेळेनंतर देठ त्याचं तोंड उघडायला लावतोच.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि तुम्ही जाता जाता लिहिलंत. झोपण्याआधी पंचवीस-तीस मोठे श्वास ‘घेऊन ठेवतो’. हे आजपासून बंद करा. ही खबरदारीच तुमच्या दचकण्याच्या मुळाशी आहे, असा माझा कयास आहे. का, ते नीट सांगते.

आपल्याला वाटतं की देठ ऑक्सिजन मोजत बसतो. खरं तर रोजच्या श्वासाचा लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. हॉल्डेन आणि प्रिस्टली या दोघांनी १९०५मध्ये हे दाखवून दिलं. रक्तात तो जरा वाढला की मेड्युलातल्या काही पेशींना आम्लता वाढल्याची चाहूल लागते आणि श्वास वाढतो, कमी झाला की श्वास मंदावतो. मानेत, मोठ्या धमनीला दोन फाटे फुटतात तिथे, रक्त चाखून बघणारी आणखी एक चौकी असते. ऑक्सिजन खरोखर खाली गेला तर मुख्यतः ती ओरडते. चौकीच्या कामाचा हा शोध लावणाऱ्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब, रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजला तर, साधारण ४० मिलिमीटर असतो, ३५ ते ४५च्या आत.

तुम्ही तीस मोठे श्वास घेता तेव्हा ऑक्सिजनचा साठा काही होत नाही. तो आधीच ९७ होता, त्यात भर ती काय पडणार? पण कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर बाहेर फेकला जातो. कधी त्या वेळी ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या येतात का? डोकं हलकं होतं का? येत असतील, होत असेल, तर कारण हेच.

जागेपणी याचा मोठा परिणाम दिसत नाही. कारण जागं असणं हीच श्वासाला एक ढकल असते. १९६१मध्ये फिंक नावाच्या भूलतज्ज्ञांनी हे पाहिलं. जाग्या माणसांनी भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड पाडला तरी त्यांचा श्वास थांबला नाही, मंद का होईना चालू राहिला. डोळा लागताच मात्र ही जागेपणाची ढकल निघून जाते आणि श्वास जवळजवळ सगळा रसायनाच्या हाती जातो. झोपेतल्या श्वासाला कार्बन डायऑक्साइड थोडा जास्तच लागतो, निरोगी माणसातही तो झोपेत काही मिलिमीटरनी चढलेला असतो. आणि झोपेतल्या नेहमीच्या पातळीपेक्षा तो थोडासा जरी खाली असला, तरी देठ म्हणतो, ‘सध्या गरज नाही, थांबूया.’

तुम्ही आडवे होता ते तो मुद्दाम पाडून. झोपेच्या उंबरठ्यावर पाऊल पडतं, देठ काही सेकंद थांबतो, कार्बन डायऑक्साइड चढण्याची वाट बघतो. तुमचं मन आधीच पहाऱ्यावर बसलेलं. त्या थांबण्याची चाहूल लागते, तुम्ही दचकून उठता, छाती धडधडते, घाबरून पुन्हा मोठे श्वास घेता. म्हणजे पुढच्या थांबण्याची तयारी करता. तीन महिने हे चक्र फिरतंय.

हा उंबरठा आम्ही स्लीप स्टडीच्या खोलीत रोज रात्री बघतो. रुग्णाच्या छातीभोवती एक पट्टा असतो, पोटाभोवती एक आणि नाकाशी हवेचा प्रवाह टिपणारी बारीक नळी. पडद्यावर ३० सेकंदांचं एक पान याप्रमाणे रेषा सरकत असतात. माणूस जागा असताना लाटा जरा उंच-ठेंगण्या असतात, कारण तो कूस बदलतो, गिळतो, विचार करतो. मग डोळ्यांची हालचाल टिपणारी रेषा संथ डोलायला लागते आणि श्वासाच्या लाटा दोन-चार मिनिटं झुलतात. चार मोठ्या, तीन लहान, एखादी जागा जवळजवळ सपाट, पुन्हा मोठ्या. चांगल्या धडधाकट माणसांमध्येही हे दिसतं. त्यानंतर झोप गाढ होते आणि लाटा इतक्या सारख्या होतात की आखणीने काढल्यासारख्या. रात्री दोन-तीनच्या सुमाराला त्या रेषा बघत बसणं हा माझ्या कामातला सर्वांत शांत भाग आहे. आत कोणी बघत नसतं, आणि काम इतकं सुबक चाललेलं असतं.

स्वप्नांच्या झोपेत ती लय पुन्हा मोडते, श्वास कधी भरभर कधी उथळ होतो. अंगातले बहुतेक स्नायू तेव्हा ढिले पडतात, बरगड्यांमधलेसुद्धा. डायफ्रॅम मात्र चालू राहतो. हे सगळं नेहमीचंच आहे.

राहिला तुम्ही वाचलेला आजार. तो खरा आहे, खोटी भीती कुणी घातलेली नाही. सेव्हरिंगहाउस आणि मिचेल या दोन डॉक्टरांनी १९६२मध्ये काही रुग्णांचं वर्णन केलं. मानेच्या वरच्या भागात किंवा देठावर शस्त्रक्रिया झालेली ही माणसं जागेपणी सांगितलं की श्वास घेत आणि झोपली की थांबत. त्याचा जन्मजात प्रकारही आहे. तो बहुतेक वेळा फॉक्स-टू-बी नावाच्या जनुकातल्या दोषाने होतो, फार विरळा असतो आणि बहुधा जन्मल्या जन्मल्याच लक्षात येतो. त्या बाळांना झोपेत यंत्राने श्वास द्यावा लागतो आणि त्यांच्या आईवडिलांच्या रात्री कशा जातात हे मी पाहिलं आहे. म्हणून हे हलक्या शब्दांत सांगत नाही. पण तुमच्या पत्रात त्याची एकही खूण नाही. उलट एक गोष्ट बघा. त्या आजारात कार्बन डायऑक्साइड कितीही चढला तरी आतला गजरच वाजत नाही, गुदमरल्याची जाणीव होत नाही, जाग येत नाही. तुमचा गजर तर गरज नसताना, पाच-सात सेकंदांच्या शांततेलाही वाजतोय. ज्याचा पहारेकरी एवढा जागा, त्याला तो आजार झालाय असं मी कशाच्या जोरावर म्हणू?

मग करायचं काय? मोठे श्वास बंद, हे झालं. ऑक्सिमीटर उद्या सकाळीच कपाटात ठेवा, शक्यतो दुसऱ्याकडे द्या. तीन महिने तो ९७ सांगतोय आणि तीन महिने तुमचं समाधान होत नाहीये, मग चौथ्या महिन्यात कसं होईल? दर वेळी बघितलं की मनाला पटतं, बघण्यासारखं काहीतरी आहे. अंथरुणात श्वासाकडे लक्ष गेलं तर त्याला हाकलू नका आणि सुधारूही नका. ‘बरं, चाललंय’ एवढं म्हणून लक्ष दुसऱ्या कशाला तरी द्या, लांबलचक आणि जरा कंटाळवाण्या गोष्टीला. लहानपणीच्या घरातून मनातल्या मनात फिरा, एकेक कपाट उघडा. अगदीच राहवलं नाही तर श्वास मोठा न करता फक्त सोडताना सावकाश सोडा. २०१७मध्ये उंदरांवर झालेल्या कामातून दिसलं, की प्री-बॉट्झिंगरमधल्या काही पेशी मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या केंद्राला निरोप देत असतात. त्या पेशी काढल्यावर उंदीर शांत बसून राहू लागले. संथ श्वासाने मन निवतं याच्या मुळाशी असंच काहीतरी असावं. पण संथ म्हणजे खोल नव्हे, हे लक्षात ठेवा.

वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. मनानेच झोपेच्या गोळ्या घेऊ नका, आणि झोप यावी म्हणून दारू तर नकोच. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर निद्रानाशासाठी वर्तनोपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तीन महिन्यांच्या जागरणाने कुणीही पिचतो, यात संकोच करण्यासारखं काही नाही. आणि हो, झोपेत तुमचा श्वास थांबतो असं दुसऱ्या कुणी पाहिलं, सकाळी डोकं दुखत उठू लागलात, दिवसा बसल्या जागी डुलक्या येऊ लागल्या, आडवं झाल्यावर धाप लागू लागली, किंवा अफूवर्गातली वेदनाशामक औषधं चालू असतील, तर माझं हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या.

आता बाबा.

‘त्यांना निदान झोप तरी लागते,’ असं तुम्ही लिहिलंत. मला तसं वाटत नाही. तुम्ही लिहिलेला क्रम, घोरणं, मग एकदम शांतता, मग फुरफुरून उसळणं, हा ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचा क्रम आहे. देठ त्यांचाही चोख काम करतोय. डायफ्रॅमला हुकूम जातोय, पोट हलतंय. पण झोपेत जिभेचे आणि घशाचे स्नायू सैल पडून वाटच मिटते. आमच्या पडद्यावर हे अंगावर येतं. नाकाची रेषा सपाट आणि खाली छाती-पोटाच्या रेषा धडपडतायत, दोन्ही उलट्या दिशांना. दहा, वीस, तीस सेकंद. ऑक्सिजन घसरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, देठ गजर वाजवतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो. ती फुरफुर म्हणजे ही जाग. सकाळी त्यांना त्यातली एकही आठवत नाही. तासाला पाचपेक्षा कमी अडथळे असतील तर आम्ही सोडून देतो. तीस किंवा त्याहून अधिक असतील तर तो तीव्र आजार, आणि तो रक्तदाब, हृदय, मेंदूचा झटका या सगळ्यांशी जोडलेला आहे. दिवसा येणारी झोप तर गाडी चालवताना सरळ जिवावर बेतते.

यावर उपाय आहे. नाकावर बसवलेल्या मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये जगापुढे ठेवलं आणि आजही पहिला आधार तोच आहे. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचाही उपयोग होतो. रात्रीची दारू आणि झोपेची गोळी दोन्ही घसा आणखी सैल करतात, म्हणून ती टाळायची. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी सांगायचं.

आज रात्री तुम्ही नाही तरी जागेच असाल. मग कान स्वतःच्या छातीला न लावता बाबांच्या खोलीत जा. मोबाइल त्यांच्या उशाशी ठेवून अर्धा तास आवाज टिपा आणि गप्प झाल्यापासून फुरफुर येईपर्यंतचे सेकंद मोजा. दहाच्या पुढे गेले आणि पुन्हा पुन्हा गेले, तर याच आठवड्यात ते रेकॉर्डिंग घेऊन छातीच्या किंवा झोपेच्या डॉक्टरांकडे जा आणि स्लीप स्टडीची विचारणा करा. ‘मला काही झालेलं नाही, मी छान झोपतो’ असं बाबा म्हणणारच. वाद घालू नका. त्यांना त्यांचाच आवाज ऐकवा, मधल्या शांततेसकट.